फळांच्या चकोल्या

यंदा जुलैच्या सुरुवातीला आमच्या फ्रीजमध्ये साडेनऊ पौंड ब्लूबेरी होती. किलोत सांगायचं तर सव्वाचारच्या वर. घरात माणसं चार. त्यातले एक आमचे चिरंजीव, वय 11, ब्लूबेरी दिसली की पानात कारलं वाढल्यासारखं तोंड करतात. म्हणजे खाणारे तीनच. दुधातून खाल्ली, दह्यातून खाल्ली, येताजाता मूठमूठ खाल्ली, तरी डबे काही हलेनात.

याला कारण सासूबाई. मे महिन्यात त्या कराडहून आल्या. न्यू जर्सीत आलेल्या आईवडिलांना काय दाखवायचं ते ठरलेलं असतं: लिबर्टीचा पुतळा, ब्रिजवॉटरचा बालाजी, एडिसनचा ओक ट्री रोड. ते सगळं तीन आठवड्यांत उरकलं. ओक ट्री रोडवर साड्यांची दुकानं आणि पाणीपुरी बघून त्यांनी विचारलंच, "हे बघायला एवढ्या लांब विमानात बसले होय मी?" पुढे पुढे त्या नुसत्या खिडकीशी बसायला लागल्या. एके दिवशी म्हणाल्या, "इथं शेतं असतात का नाही गं? मला तर सगळीकडं कापलेलं गवतच दिसतंय."

म्हणून एका शनिवारी त्यांना ब्लूबेरीच्या मळ्यात नेलं. इथे बरेच शेतकरी हंगामात मळा खुला करतात. आपण जायचं, आपल्या हाताने तोडायचं, निघताना वजन करून पैसे द्यायचे. मळेवाल्याने प्रत्येकाच्या कमरेला दोरीने एकेक बादली बांधली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आईंनी साडीचा पदर खोचला, खाली नवऱ्याचे जुने स्पोर्ट्स शूज, आणि त्या डोक्याएवढ्या झुडपांच्या ओळीत ज्या शिरल्या, त्या दीड तास दिसल्याच नाहीत. आम्ही तिघांनी मिळून जेवढं तोडलं त्याहून जास्त त्यांच्या एकटीच्या बादलीत होतं. माझी बादली बघून म्हणाल्या, "ही देठाकडं तांबूस आहेत ती का तोडलीस? करवंदं कधी तोडली नाहीस वाटतं. पिकलेलं असलं की नुसतं अंगठ्यानं लोटलं तरी हातात येतं. ओढावं लागलं की समजायचं, झाडाला अजून सोडायचं नाहीये."

मी पुण्यात वाढलेली. करवंदं मी द्रोणातच बघितली आहेत. गप्प बसले.

ब्लूबेरी माणसाच्या शेतात आली त्याला शंभर वर्षांहून थोडाच जास्त काळ झालाय, हे मला इथे एकोणीस वर्षं काढूनही माहीत नव्हतं. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पाइन बॅरन्सच्या जंगलात व्हाइट्सबॉग नावाचं एक जुनं खेडं जपून ठेवलंय. तिथली वाळू साखरेसारखी पांढरी आणि ओढ्याचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं. एलिझाबेथ व्हाइट ही तिथल्या क्रॅनबेरी बागाइतदाराची मुलगी. ब्लूबेरी तेव्हा रानमेवाच होती, लावून ती जगत नाही असाच समज होता. सरकारी कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधून काढलं की तिला चांगली खतावलेली नव्हे, तर आंबट माती लागते. त्याचा अहवाल वाचून 1911 साली एलिझाबेथने त्याला कळवलं, प्रयोग आमच्या जमिनीवर करा. मग तिने रानात फिरणाऱ्या लोकांना एकेक पट्टी दिली. पट्टीला पाच-अष्टमांश इंचाचं भोक. ज्या झुडपाची बेरी त्या भोकातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवायचं आणि पैसे घ्यायचे. वर ज्याने दाखवलं त्याचं नाव झुडपाला. रूब लीक नावाच्या माणसाने एक फार चांगलं झुडूप आणलं. आता 'रूब' म्हणजे गावंढळ आणि 'लीक' म्हणजे कांद्याची भावंडं. यातलं काय ठेवणार? तिने रूबला लीकचं 'एल' जोडून 'रूबेल' केलं. ही जात अजून लावतात. 1916 साली तिथून लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

ही गोष्ट आईंना भलतीच आवडली. "आमच्या बांधावरच्या आंब्यांची नावं होती, शेप्या, केळ्या, खोबऱ्या," त्या म्हणाल्या. "पण झाड दाखवणाऱ्याचं नाव कुणी दिलं नाही."

तर साडेनऊ पौंड. जॅम करून झाला. केक करावा तर आई अंडं खात नाहीत. घरात बाकीच्यांनी खाल्लं तर चालतं, पण त्यांच्या भांड्याला लागता कामा नये. ऑफिसात एक मैत्रीण आहे, तिचं माहेर जॉर्जियाचं. ती म्हणाली, कॉब्लर कर. तिच्या माहेरी ओव्हनच्या भांड्यात आधी लोणी वितळवतात, त्यावर सरसरीत पीठ ओततात आणि त्यावर पीच पसरतात. भाजताना पीठ फळांमधून वर येतं, फळं तळाशी जातात. तिच्या मते हाच खरा कॉब्लर, बाकी सगळे तोतये. (पीच म्हटलं की जॉर्जिया, पण पिकतात ते शेजारच्या साउथ कॅरोलायनात जास्त. हे तिच्यासमोर बोलायचं नाही.)

मला दुसरा प्रकार आवडला. खाली फळं, वर बिस्किटाच्या पिठाचे गोळे. बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नाही. इथे बिस्किट म्हणजे मैदा, लोणी आणि ताक यांचा मऊ, खुसखुशीत, खारट पाव. यात अंडं नाही. गोळे फुगून भाजले की वरून फरसबंदी केल्यासारखं दिसतं, आणि कॉब्लर हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. याची भावंडंही आहेत. वर ओट्सचा चुरा घातला तर क्रिस्प. केकच्या पिठात फळं बुडवली तर बकल. आणि ओव्हनच नसेल, तर चुलीवर फळं रटरटत ठेवून त्यात गोळे सोडायचे आणि झाकण घालायचं. न्यू इंग्लंडात त्याला ग्रंट किंवा स्लंप म्हणतात. ग्रंट म्हणजे डुकराचं गुरगुरणं. शिजताना फळं तसा आवाज करतात म्हणून.

मी एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. सांगायचं कारण, मी स्वयंपाकघरातही वही ठेवते. त्यामुळे पुढे काय काय बिघडलं त्याची लेखी नोंद आहे.

पहिला प्रयोग. फ्रीजमधली गार ब्लूबेरी, रस्त्याकडेच्या टपरीवरून आणलेले पाच पीच चिरून, वर एक डबी ब्लॅकबेरी. अर्धा कप साखर, दोन चमचे कॉर्नस्टार्च. वर गोळे, आणि 400 फॅरनहाइटला 40 मिनिटं. बाहेर काढला तेव्हा काय रूप होतं! फोटो काढून पुण्याला आईला पाठवलासुद्धा. चमचा घातला तर वर खारी, मध्ये खळ आणि तळाला पाणी. खळ म्हणजे आपण पतंग चिकटवायला करायचो तीच.

दुसरा प्रयोग. मला वाटलं गोळे फुगले नाहीत म्हणून आत कच्चे राहिले, तर सोडा वाढवावा. पाव चमच्याचा एक केला. यावेळी गोळे फुगले खरे, पण जिथे जिथे ब्लूबेरीचा रस लागला होता तिथे हिरवट-निळी कडी उमटली. दोन मिनिटं मला काही सुचेना, मग हसू आलं. ब्लूबेरीचा रंग म्हणजे अँथोसायनिन. आम्लात लाल, अल्कलीत निळा-हिरवा. कॉलेजात लाल कोबीच्या रसावर हाच प्रयोग केला होता, आणि आता तो गोडाच्या भांड्यात करून बसले. चिरंजीवांनी जाहीर केलं की याला बुरशी आलीय. खाली खळ होतीच.

आई टेबलाशी बसून हे बघत होत्या. दोन्ही वेळा त्यांनी वरचा भाजलेला पापुद्रा तेवढा खाल्ला होता आणि वाटी बाजूला सरकवली होती. दुसऱ्यांदा त्यांनी चमच्याने एक गोळा उलटा केला, बोटाने दाबून बघितला आणि म्हणाल्या, "अगं, या तर चकोल्या आहेत."

"चकोल्या?"

"मग काय? खाली रस, वर कणकेचे गोळे, रसावर शिजवायचे. आम्ही वरणात सोडतो, तू फळांत सोडल्यास. पण सूनबाई, गार वरणात कुणी चकोल्या सोडतं का? वरण आधी खळाखळा उकळलं पाहिजे. गारात सोडल्या की त्या शिजायच्या आधीच पाणी पितात. मग खळच होणार."

ज्यांना चकोल्या माहीत नाहीत (असे मराठी लोक आहेत, मी त्यांच्यात राहिले आहे) त्यांच्यासाठी: फोडणीच्या पातळ आमटीत कणकेच्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे शिजवतात. काही जण याला वरणफळं म्हणतात. वरणफळांत फळ नसतं, ही माझी लहानपणीची तक्रार होती.

आईंचं बोलणं मी लगेच वहीत उतरवलं, कारण ते शंभर टक्के बरोबर होतं. ओव्हनची गरम हवा गोळ्याला वरून भाजते. खालची बाजू मात्र फ्रीजमधून आलेल्या किलोभर ओल्या फळांवर बसलेली. फळं उकळेपर्यंत अर्धा तास जातो, तोवर वरचं पीठ तांबूस होऊन मोकळं होतं आणि आपण फसून भांडं बाहेर काढतो. कॉर्नस्टार्चचंही तेच. मिश्रण कडेलाच नव्हे, मध्यभागीसुद्धा उकळल्याशिवाय तो धरत नाही. माझा रस दाट होत नव्हता तो कॉर्नस्टार्च कमी पडत होता म्हणून नव्हे, तर तो शिजतच नव्हता. एका चुकीची दोन फळं मी वेगवेगळी मोजत होते.

तिसऱ्या वेळी नुसती फळं आधी ओव्हनमध्ये ठेवली. वीस मिनिटांनी कडेने जांभळे बुडबुडे फुटायला लागले. दार उघडून रॅक पुढे ओढला आणि गोळे पटापट सोडले. पडल्या पडल्या चुर्र आवाज. पंचवीस मिनिटांनी एक गोळा उचकटून थर्मामीटर खुपसला, 204 फॅरनहाइट. दोनशेच्या वर गेला की आतून शिजला. खालची बाजू रसाने रंगलेली, पण पावासारखी जाळीदार. आईंनी यावेळी वाटी संपवली, म्हणाल्या, "आता झाल्या."

मग आषाढी एकादशी आली. आईंचा उपवास, शिवाय तिथून चातुर्मास सुरू, म्हणजे घरात कांदा-लसूण बंद. संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं, "त्या फळांत तू घट्ट व्हायला काय घालतेस?" मक्याचं पीठ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मका उपासाला नाही. "साबुदाण्याचं पीठ घाल की. मला नुसती फळं दे, वरच्या चकोल्या नकोत." मी मिक्सरला साबुदाणा फिरवला, अडीच मोठे चमचे पीठ फळांना चोळलं, पंधरा मिनिटं मुरू दिलं आणि छोट्या भांड्यात भाजलं. झालं ते असं: कॉर्नस्टार्चने रस ढगाळ व्हायचा, हा काचेसारखा नितळ. आत ब्लूबेरी जशीच्या तशी दिसत होती. शिवाय आंबट फळांपुढे कॉर्नस्टार्च थोडा मऊ पडतो, हा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी जॉर्जियाच्या मैत्रिणीला मी मोठ्या ऐटीत सांगायला गेले, तर ती म्हणाली, "माझी आजी पायमध्ये टॅपिओकाच घालायची. दुकानात बेकिंगच्या फळीवर डबा असतो की." टॅपिओका म्हणजे कसाव्याच्या कंदाचं सत्त्व, आणि आपला साबुदाणाही त्याचाच. एकोणीस वर्षं मी त्या फळीसमोरून ढकलगाडी नेत होते आणि साबुदाण्यासाठी वेगळी इंडियन ग्रोसरीत जात होते.

ऑगस्टअखेरपर्यंत वहीत अकरा नोंदी झाल्या. आता ज्यावर स्थिरावले ते असं. पीच चार मोठे, तेही कोय सुटणारे. सुरुवातीच्या हंगामातले पीच कोयीला असे चिकटतात की गर कमी आणि वैताग जास्त. उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट, मग गार पाण्यात. साल टोमॅटोसारखी निघते. जाड फोडी करून अर्धा कप साखरेतली निम्मी साखर लावून अर्धा तास ठेवायच्या. सुटलेला रस गाळून छोट्या पातेल्यात निम्मा आटवायचा. पाणी सोडण्यात पीचचा हात कुणी धरत नाही, म्हणून त्याचा बंदोबस्त आधी. ब्लूबेरी 300 ग्रॅम, तिचं काही करावं लागत नाही, फुटेपर्यंत ती आपलं पाणी स्वतःपाशी ठेवते. ब्लॅकबेरी मूठभरच, नाहीतर दातात बिया येतात आणि आईंची कवळी रुसते. उरलेली साखर, साबुदाण्याचं पीठ, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, आटवलेला रस आणि जायफळ. जायफळ आईंनी पुरणाच्या सवयीने किसून घातलं होतं. मी वेलदोडाही घालून बघितला, नको. वेलदोड्याने सगळ्याचं श्रीखंड होतं.

वरचं पीठ: दीड कप मैदा, तीन चमचे साखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, सोडा पावच, अर्धा छोटा चमचा मीठ. लोणी 85 ग्रॅम, फ्रीजमधलं कडक, किसणीवर किसून. हाताने चोळायचं, पण मळायचं नाही. लोण्याचे कण दिसले पाहिजेत, तेच ओव्हनमध्ये वितळून वाफेने पदर सुटतात. मग पाऊण कपाला थोडं कमी ताक. इथलं दुकानातलं ताक चांगलं दाट असतं. ते नसलं तर दह्यात थोडं पाणी घालून फेटते. हे सगळं फळं ओव्हनमध्ये असतानाच करायचं, कारण ताक पडल्यावर पीठ थांबत नाही. गोळे लिंबाएवढे, एकमेकांना न चिकटवता, मधून वाफ जाईल असे.

बाहेर काढल्यावर निदान पाऊण तास हात लावायचा नाही. रस गार होता होता धरतो. आमच्याकडे हा सगळ्यात अवघड टप्पा आहे, कारण ब्लूबेरीचा तो शत्रू आता चमचा घेऊन भांड्याभोवती घिरट्या घालतो. त्याचं म्हणणं, भाजलेली ब्लूबेरी वेगळी.

वर व्हॅनिला आइस्क्रीम घालायचं असेल आणि घरात अंडं न खाणारं कुणी असेल, तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'फ्रेंच व्हॅनिला' लिहिलं असेल तर त्यात बलक असतो. हे मला पाचव्या कॉब्लरनंतर कळलं. आईंना ते मी अजून सांगितलेलं नाही. त्या हे वाचणार नाहीत अशी आशा आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई परत गेल्या. बॅगेत बेकिंग पावडरचा डबा आणि माझ्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स. कराडच्या घरात ओव्हन नाही, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी फोन थेट कढईवर धरला. बाजारात पाचगणीची स्ट्रॉबेरी आली होती. ती साखर घालून गॅसवर उकळली, साबुदाण्याचं पीठ लावलं, वर कणीक आणि मैदा निम्मा निम्मा घेऊन ताकात भिजवलेले गोळे सोडले आणि झाकण ठेवून वर पाण्याची वाटी ठेवली. झाकण काढलं तेव्हा माझ्या फोनची काच धुरकटल्यासारखी वाटली. खालून गुरगुर आवाज येत होता.

"आई, याला इथे ग्रंट म्हणतात," मी म्हटलं.

"काय का म्हणेनात. लिंबू विसरले गं मी, फार गोड झालंय. आणि स्ट्रॉबेरीचा पार लगदा झाला. तिच्याबरोबर दुसरं काय घालू?"

पेरू घालून बघा, म्हटलं. बिया काढून.